आयसीयूतल्या जंतुसंसर्गाच्या पेशंटची रक्ताची वही कशी ठेवावी

लॅबचा कागद पेशंटची तुलना धडधाकट माणसाशी करतो. एका बाजूला पेशंटचा आकडा, दुसऱ्या बाजूला निरोगी माणसाची मर्यादा, आणि जास्त-कमीची ठळक खूण. आयसीयूत पडलेला माणूस धडधाकट नाही हे आपल्याला आधीच माहीत असतं. त्याला ताडून पाहायचं असतं त्याच्याच कालच्या आकड्याशी, आणि कालचा आकडा त्या कागदावर नसतो. तो फाईलमध्ये चाळीस कागदांखाली दबलेला असतो. म्हणून मी वही ठेवायला सांगते.

कोल्हापुरातल्या एका आयसीयूत मला आता एकोणीस वर्षं झाली. रात्री आयसीयू सांभाळणारे आमचे बहुतेक डॉक्टर पंचविशी-तिशीतले. कुणी बीएएमएस, कुणी बीएचएमएस, कुणी एमबीबीएस करून पुढच्या परीक्षेचा अभ्यास करणारे. मुलं हुशार आहेत, हात चांगला आहे. पण पहाटे तीनला फोन येतो तेव्हा वाक्य ठरलेलं असतं, "मॅडम, पीसीटी पंचेचाळीस आलीय." पीसीटी म्हणजे प्रोकॅल्सिटोनिन, जंतुसंसर्गात रक्तात चढणारं एक प्रथिन. मी विचारते, काल किती होती? मग पलीकडून कागद चाळल्याचा आवाज येतो. तो वेळ वाचावा म्हणून हे लिहिते आहे, रात्रपाळीच्या डॉक्टरांसाठी आणि सिस्टरांसाठी. कुणाचा नातेवाईक आयसीयूत असेल आणि त्याला रिपोर्ट कळून घ्यायचे असतील, तर त्यानंही वाचावं. मात्र औषधाचा निर्णय समोरच्या डॉक्टरांशी बोलूनच.

वही साधी, दोनशे पानी, आडवी धरायची. एका पेशंटला एक पान. वर तारीख लिहून भागत नाही, वेळ लिहा. सकाळी सहाचा लॅक्टेट (पेशींना पुरेसं रक्त पोचलं नाही की वाढणारा पदार्थ) आणि दुपारी दोनचा लॅक्टेट हे दोन वेगळे आकडे आहेत, दोन्हींवर "मंगळवार" लिहिलं तर काहीच कळत नाही. डाव्या बाजूला ओळी पाडा: लॅक्टेट, पीसीटी, सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारं प्रथिन), प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी), क्रिएटिनिन (किडनीसाठी), बिलिरुबिन (लिव्हरसाठी), आणि पांढऱ्या पेशींचे तीन प्रकार, न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, इओसिनोफिल. त्याखाली एक जाड रेघ मारा आणि तिच्याखाली चार ओळी रक्ताबाहेरच्या: तासाला लघवी किती, नॉरअ‍ॅड्रिनलिनचा (बीपी टिकवणारं औषध) डोस किती, ऑक्सिजन किती लागतोय, शुद्ध कशी आहे. या चार ओळी गाळल्या तर वरचे आकडे फसवतात. काल लॅक्टेट ३ होता, आज ३ आहे, पण मधल्या वेळात नॉरअ‍ॅड दुप्पट झालं असेल, तर पेशंट बिघडलेला आहे. त्याच्याही खाली "काय केलं" अशी एक ओळ, आणि सगळ्यात तळाशी आणखी एक, तिच्याविषयी शेवटी सांगते.

ही वही मला सुचली नदीकाठच्या गावच्या एका आजोबांमुळे. त्यांच्या मुलाला सेप्सिस (जंतुसंसर्गामुळं अवयव बिघडणं) होता आणि मी त्यांना आकडे सांगत होते. बराच वेळ ऐकून ते म्हणाले, "डॉक्टरीणबाई, किती फूट हाय ते ऱ्हाऊ द्या. चढतंय का उतरतंय, तेवढं सांगा." कोल्हापूरच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे इथल्या पोराटोरांना पाठ असतं. पण ४१ फुटांवरून पाणी चढत असेल तर माणसं गुरं सोडवायला लागतात, आणि ४१ फुटांवरून उतरत असेल तर चुलीवर चहा ठेवतात. आकडा एकच.

आधी रक्त नीट घेतलं पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं व्यर्थ. ज्या हाताला सलाईन चालू आहे त्या हातातून, सुईच्या वरच्या बाजूनं, रक्त घेऊ नका. एकदा आमच्याकडे पहाटे एका पेशंटचं हिमोग्लोबिन ११ वरून थेट ७ आणि शुगर ६०० च्या वर आली. रक्ताची बाटली मागवायची तयारी झाली होती. पेशंट मात्र शांत बसून चूळ भरत होता. रक्त डेक्स्ट्रोज (साखरेचं सलाईन) चालू असलेल्या हातातून घेतलं गेलं होतं, एवढंच. असा विपरीत रिपोर्ट आला की आधी पेशंटकडे बघा, मग दुसऱ्या हातातून परत रक्त घ्या.

लॅक्टेटचं सॅम्पल सर्वांत नाजूक. रक्त सिरिंजमध्ये आल्यावरही त्यातल्या पेशी साखर खात राहतात आणि लॅक्टेट तयार करत राहतात. म्हणून एबीजीच्या (रक्तातले वायू मोजणाऱ्या) मशीनवर पंधरा मिनिटांच्या आत लावा. उशीर होणार असेल तर सिरिंज बर्फात ठेवा, लॅबला पाठवायचं असेल तर फ्लोराइड असलेल्या राखाडी टोपणाच्या बाटलीत. पट्टा घट्ट बांधून, मूठ वळवायला लावून, पाच मिनिटं शीर शोधत बसला असाल तर त्या सॅम्पलवर फार विश्वास टाकू नका. शिरेतलं घ्या किंवा धमनीतलं, पण आज एक आणि उद्या दुसरं असं करू नका.

ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी) पहिल्या अँटिबायोटिकच्या आधी, दोन वेगळ्या जागांहून, मोठ्या माणसाला प्रत्येक बाटलीत आठ ते दहा मिली. दोन मिली टाकून बाटली पाठवली की जंतू सापडण्याची शक्यता आपणच कमी करतो. पण पेशंट शॉकमध्ये, म्हणजे बीपी कोसळलेला, असेल आणि कल्चरसाठी शीर मिळत नसेल, तर त्यापायी अँटिबायोटिक अडवून ठेवू नका. शॉकमध्ये पहिला डोस तासाच्या आत गेला पाहिजे.

आता एककं. गडहिंग्लज, इचलकरंजी, कुठूनही पेशंट रात्री रेफर होऊन येतो आणि सोबतच्या कागदावर सीआरपी २४ असते. आपल्याकडे ती २३५ येते. नवा डॉक्टर घाबरतो, चार तासांत दहापट! तिकडची मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये होती, आपली प्रति लिटरमध्ये. दहाचा फरक तिथंच आहे. लॅक्टेटचंही तसंच, लिटरमागे १ मिलिमोल म्हणजे डेसिलिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम. १८ लॅक्टेट वाचून धावण्याआधी एकक वाचा. वहीत प्रत्येक ओळीसमोर एकक लिहून ठेवा आणि बाहेरचा आकडा त्याच एककात बदलूनच चढवा.

लॅक्टेटविषयी जरा सविस्तर बोलते, कारण पहिल्या बारा तासांत याच्याइतकं बोलणारं दुसरं काही नाही. २ पर्यंत ठीक, ४ आणि वर म्हणजे काळजीचं. २०१६ साली सेप्सिसची जी नवी व्याख्या आली तिच्यात सेप्टिक शॉक कशाला म्हणायचं ते स्पष्ट केलं आहे: पुरेसं सलाईन देऊनही रक्तदाबाची सरासरी ६५ वर ठेवायला औषध लागतंय आणि लॅक्टेट २ च्या वर आहे. या दोन्ही गोष्टी एकत्र असलेल्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाण शेकडा ४० च्या वर होतं. म्हणून बीपी औषधावर बरं दिसत असलं तरी लॅक्टेट केल्याशिवाय झोपायला जायचं नाही.

पहिला आकडा कितीही असो, दुसरा दोन ते चार तासांत हवाच. दोन तासांत दहा-वीस टक्के जरी उतरला तरी आपण बरोबर वाटेवर आहोत. ६ वरून ४.५ वर आलेला पेशंट मला ३ वर अडकलेल्यापेक्षा बरा वाटतो. अडकला किंवा चढला तर वाट पाहू नका, फोन करा. कुठंतरी पू राहिलाय, आतड्याला रक्त जात नाही, हृदय थकलंय, यातलं काहीतरी आपल्या नजरेतून सुटलंय.

मात्र लॅक्टेट उतरवायचा म्हणून बाटल्यांवर बाटल्या ओतत बसू नका. २०१९ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एक मोठी चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यात एका गटावर लॅक्टेट बघून उपचार केले, दुसऱ्यावर फक्त बोटाची रक्त परत येण्याची वेळ बघून. बोट बघणारे मागे पडले नाहीत. त्या गटात २८ दिवसांतले मृत्यू थोडे कमीच होते, जरी तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला पुरेसा उतरला नाही. पद्धत फुकटची आहे: बोटाचं टोक दहा सेकंद पांढरं होईपर्यंत दाबा, सोडा, मोजा. तीन सेकंदांच्या आत रंग परत आला तर रक्त पोचतंय. लॅक्टेटच्या ओळीखाली हे सेकंदही लिहा. दोन्ही एकाच बाजूला चालले असतील तर निर्धास्तपणे पुढं जा.

आणि लॅक्टेट जंतूंशिवायही चढतो. अ‍ॅड्रिनलिनची ड्रिप, सालब्युटॅमॉलचं सारखं नेब्युलायझेशन, नुकतीच आलेली फिट, किडनी बंद पडलेल्या माणसात मेटफॉर्मिन. दारूनं लिव्हर खराब झालेल्या माणसाचा लॅक्टेट उतरायलाही वेळ लागतो, आणि त्याला थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) दिलं नसेल तर आधी द्या. "काय केलं" ही ओळ यासाठीच आहे. दोनला नेब्युलायझर दिला हे तिथं लिहिलेलं असलं की तीनचा चढलेला लॅक्टेट घाबरवत नाही.

पीसीटी आणि सीआरपी यांचा स्वभाव वेगळा. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले की पाणी लगेच शहरात येत नाही, काही तास लागतात. आणि वर पाऊस थांबला तरी इथं पाणी चढतच राहतं. सीआरपी तशी आहे. ती लिव्हरमध्ये तयार होते, सहा-आठ तासांनी चढायला लागते आणि सुमारे दोन दिवसांनी शिखर गाठते. म्हणजे अँटिबायोटिक अगदी बरोबर असलं, पू काढला असला, तरी दुसऱ्या दिवशी सीआरपी बहुधा कालच्यापेक्षा जास्तच येते. त्या चढलेल्या सीआरपीवर रात्रीत अँटिबायोटिक बदलू नका. ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे.

पीसीटी लवकर चढते, तीन ते सहा तासांत, दिवसभरात शिखर गाठते, आणि कारण दूर झालं की साधारण रोज निम्मी होते. निम्मी होणं हा तिचा सगळ्यात उपयोगी गुण. आज ४० असेल तर उद्या २० च्या आसपास, परवा १०. वहीत आजच्या आकड्याशेजारी पेन्सिलनं उद्याचा अपेक्षित आकडा लिहून ठेवा. उद्या खरा आला की दोन्ही समोर असतात.

एकटा आकडा मात्र भविष्य सांगत नाही. मूत्रमार्गातून रक्तात जंतू गेलेल्या पेशंटची पीसीटी शंभरच्या वर गेलेली मी पाहिली आहे आणि तो आठव्या दिवशी चालत घरी गेलाय. न्यूमोनियाच्या एकाची कधीच सहाच्या वर गेली नाही, आणि तो वाचला नाही. मोठं ऑपरेशन, अपघात, भाजणं, हृदय बंद पडून परत सुरू झालेलं असणं, बंद किडनी, मलेरिया, यांतही पीसीटी चढते. उलट पू एका कप्प्यात बंद असेल तर ती फसवी कमी असते. म्हणून अँटिबायोटिक सुरू करायचं की नाही हे पीसीटीला विचारू नका. पेशंट सांगतो ते. थांबवायचं कधी, हे मात्र तिला विचारावं. नेदरलँड्समधल्या आयसीयूंत नियम असा लावून पाहिला: शिखरापासून ८० टक्के उतरली किंवा ०.५ वर आली की डॉक्टरांना अँटिबायोटिक थांबवायचा सल्ला जायचा. २०१६ साली निकाल आला. औषधाचे दिवस कमी झाले आणि मृत्यू वाढले नाहीत, उलट कमी दिसले. हाच आधार मी वापरते, जखम आणि पेशंट दोन्ही बरे दिसत असतील तर.

पीसीटीला सीआरपीच्या कित्येक पट पैसे पडतात. बाहेर बसलेला माणूस ऊसबिलाची वाट पाहणारा असतो, याचं भान ठेवा. पहिल्या दिवशी एक, मग एक दिवसाआड, आणि ज्या दिवशी तिच्यामुळं आपला निर्णय बदलणार नाही त्या दिवशी नाही.

स्वस्तातल्या सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीत) केवढं दडलेलं असतं याकडे फार कमी जण बघतात. न्यूट्रोफिलचे टक्के भागिले लिम्फोसाइटचे टक्के, एवढं गणित करा. निरोगी माणसात ते एक ते तीन. सीरियस जंतुसंसर्गात दहाच्या, वीसच्या वर जातं. स्टिरॉइड सुरू केलं की हे प्रमाण आपोआप चढतं, हायड्रोकॉर्टिसोनचा पहिला डोस कधी दिला ते "काय केलं" मध्ये हवं. लिम्फोसाइट चौथ्या दिवशीही वर येत नसतील तर मी सावध होते, अशा पेशंटला दुसरा संसर्ग गाठतो. आणि इओसिनोफिल. ती सर्वांत शेवटची ओळ म्हणून कुणी वाचत नाही. तीव्र संसर्गात ते शून्यावर जातात आणि पेशंट सावरायला लागला की परत येतात. स्टिरॉइड चालू नसताना शून्याचे दोन झालेले दिसले, की मला बरं वाटतं.

प्लेटलेट उतरत जाणं वाईट, चढायला लागणं चांगलं. पण तीन लिटर सलाईननंतर उतरलेल्या प्लेटलेट आणि अल्ब्युमिनमध्ये पाण्याचा वाटा असतो. अचानक खूप कमी आल्या तर लॅबला फोन करून स्लाइड बघायला सांगा, कधीकधी बाटलीत गुठळ्या झालेल्या असतात.

जुलै ते ऑक्टोबर आपल्याकडे याचा आणखी एक गुंता होतो. ताप, प्लेटलेट ४० हजार, बीपी कमी. डेंगी की लेप्टो (दूषित पाण्या-चिखलातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) की जंतूंचा सेप्सिस? डेंगीत पांढऱ्या पेशी बहुधा कमी असतात आणि हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा वाटा) चढतं, तिथं न्यूट्रोफिल-लिम्फोसाइटचं प्रमाण लावू नका. भाताच्या चिखलात किंवा पुराच्या पाण्यात उभा राहिलेला माणूस, डोळे लाल, पोटऱ्या दुखतायत, बिलिरुबिन आणि क्रिएटिनिन दोन्ही चढलेत, तर लेप्टोचं औषध तपासणीचा निकाल येण्याआधी सुरू करा. लेप्टोत पीसीटीही चढते, त्यामुळं तिच्यावरून दोन्ही वेगळे करता येत नाहीत. चिखलात काम केलं का, हा प्रश्न लागतो.

महागड्या नव्या चाचण्यांची नावं तुम्ही वाचता, इंटरल्युकिन ६, प्रेसेप्सिन वगैरे. २०२०-२१ च्या कोरोनाच्या लाटांत घराघरांत फेरिटिन आणि डी-डायमरचे आकडे बोलले जात होते. आपल्या वहीला त्यांची गरज नाही.

सगळ्या अवयवांचा मिळून एक आकडा हवा असेल तर सोफा स्कोअर काढा. १९९६ पासून वापरात आहे. श्वास, प्लेटलेट, बिलिरुबिन, रक्तदाब, शुद्ध, किडनी, प्रत्येकाला शून्य ते चार, एकूण २४. नेहमीपेक्षा दोननं वाढला आणि सोबत संसर्ग असला तर तो सेप्सिस. ब्रुसेल्समधल्या डॉक्टरांनी २००१ साली दाखवलं की पहिल्या ४८ तासांत सोफा वाढला तर निदान निम्मे रुग्ण दगावले, कमी झाला तर २७ टक्क्यांहून कमी. सुरुवातीचा आकडा काहीही असो. आजोबांचंच म्हणणं, आकडेवारीत.

आता एक पान उघडून दाखवते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पन्नाशीतल्या बाई, साखरेचा आजार, भाताच्या लावणीत पायात काटा मोडला, आठवडाभर हळद लावली. संध्याकाळी सातला आल्या. लॅक्टेट ४.८, पीसीटी ६२, सीआरपी ११८, प्लेटलेट ९२ हजार, क्रिएटिनिन २.६, बिलिरुबिन १.८, न्यूट्रोफिल ९१, लिम्फोसाइट ४, इओसिनोफिल शून्य. सोफा करून बघा: प्लेटलेटचे २, बिलिरुबिनचा १, क्रिएटिनिनचे २, नॉरअ‍ॅडचे ३, ऑक्सिजनचे २, थोड्या गोंधळलेल्या होत्या त्याचा १. अकरा. तासाच्या आत अँटिबायोटिक, दहाला सर्जननी पाऊल उघडून पू काढला. रात्री एकला लॅक्टेट ३.४, पहाटे पाचला २.३.

दुसऱ्या दिवशी सकाळी सीआरपी २३६, प्लेटलेट ७१ हजार. ड्युटीवरचा डॉक्टर अँटिबायोटिक वाढवूया म्हणत होता. मी लॅक्टेट, लघवी आणि नॉरअ‍ॅडच्या ओळींवर बोट ठेवलं, तिन्ही सुधारत होत्या. थांबलो. तिसऱ्या दिवशी पीसीटी ३३, सोफा ९. चौथ्या दिवशी शेजारी पेन्सिलनं लिहिलं होतं १६, आणि रिपोर्ट आला ३०. सीआरपी २५५, जवळपास तिथंच. लॅक्टेट १.९, म्हणजे तसा ठीक. पण नॉरअ‍ॅड जे ०.०४ पर्यंत उतरलं होतं ते रात्री ०.०७ झालं होतं. कल्चरचा निकाल हातात होता, औषध त्या जंतूला चालणारं होतं. औषध बरोबर असताना उतरणं थांबलं तर शोधायचा तो राहिलेला पू. सर्जनना परत बोलावलं. घोट्याच्या वर, स्नायूच्या दोरीलगत दुसरा कप्पा निघाला. दुपारी उघडला. पुढच्या दिवशी १७, मग ८, मग ३.९. प्लेटलेट ८८ हजार, मग १ लाख ३० हजार. आणि एका पहाटे फोन आला, "मॅडम, इओसिनोफिल दोन आलेत." त्या मुलानं ती ओळ वाचली होती.

या पानावर आणखी एक गोष्ट आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पहिल्या चार दिवसांत पीसीटी ८० टक्क्यांहून जास्त न उतरलेल्यांपैकी शेकडा २० जण २८ दिवसांत गेले, उतरलेल्यांपैकी १०. आमच्या बाईंची चार दिवसांत ६२ वरून १७, म्हणजे ८० टक्के नाही. नियमानं त्या वाईट गटात. पण त्या वाईट गटातलेही शंभरपैकी ऐंशी जगले होते. न उतरलेला आकडा दिसला की त्याचा अर्थ घ्यायचा, "जा, परत शोध."

हे मला फार महागात पडून कळलंय. सुरुवातीच्या वर्षांत एक तरुण मुलगा होता, तेव्हा मी दुसऱ्या ठिकाणी होते. त्याची पीसीटी शंभरच्या वर आली. मी वडिलांना बाहेर बोलावून सांगितलं, फार आशा नाही. त्यांनी विचारलं, "किती टक्के?" मी एक आकडा सांगितला, कुठल्यातरी पुस्तकातला. कर्ज काढून ठेवलं होतं त्यांनी. संध्याकाळी सही करून ते त्याला गावी घेऊन गेले, आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. त्या दिवशीचा त्याचा लॅक्टेट १.६ होता आणि लघवी उत्तम चालू होती. एका कागदावर ते सगळं लिहिलेलं असतं तर मी ते वाक्य बोलले नसते.

म्हणून नातेवाईकांना एका माणसाचे टक्के सांगू नका. अगदी आग्रह झाला तर "असे शंभर पेशंट असतील तर इतके जगतात, तुमचा कशात आहे ते पुढचे दोन दिवस दाखवतील" असं म्हणा. काय चढतंय, काय उतरतंय, आणि आता आम्ही कशाची वाट पाहतोय, हे सांगा. बाईंचा जावई चौथ्या दिवशी म्हणाला, "म्हंजे पाणी थांबलंय, पर उतरंना." अगदी तेच होतं. वाईट असेल तेव्हाही असंच स्वच्छ सांगा. तीन दिवस सगळ्या ओळी चढत असतील, औषध बरोबर असेल, शोधण्यासारखं काही उरलं नसेल, तर "आता वाचण्याची शक्यता फार कमी आहे" हे शब्द उच्चारा. मुंबई-पुण्याहून माणसं बोलावून घ्यायला त्यांना वेळ मिळाला पाहिजे.

तळाची ती शेवटची ओळ यासाठी आहे. नातेवाईकांशी कोण बोललं, कुणाशी, किती वाजता, आणि नेमकं काय. आमच्या वहीत ती अशी असते: "रात्री ९.४०. मुलगा आणि जावई. लॅक्टेट उतरतोय, बीपीचं औषध कमी होतंय, किडनी अजून नाही. उद्या सकाळी ८ ला परत बोलू." सकाळी आठला जो डॉक्टर ड्युटीवर येईल त्यानं ही ओळ वाचून मगच दाराबाहेर जायचं.